मार्चमध्ये ठरणारा समुद्र

१० मेच्या गाडीनं पनवेलहून कोकणात जायचं असेल तर ११ मार्चला सकाळी आठ वाजता मोबाइल चार्ज झालेला हवा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती, तेव्हा मे महिन्यातला समुद्र संक्रांतीच्या आधीच ठरवून टाकावा लागे. आता तो दहावीच्या पेपरांच्या ऐन गर्दीत येतो. कामोठ्यातल्या कोकणी घरांत त्या सकाळी डबे थोडे उशिरा भरले जातात. एक जण लॅपटॉपवर, एक मोबाइलवर. प्रवाशांची नावं-वयं आदल्या रात्रीच भरून ठेवलेली, खालचा बर्थ आजीला मिळावा म्हणून तिचं वय दोनदा तपासलेलं. एवढं करूनही आठ वाजून पाच मिनिटांनी स्लीपरपुढे ‘वेटिंग’ दिसायला लागलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, गणपतीत तरी यापेक्षा बरं असतं. ते खरं नसतं. गणपतीत याहून वाईट असतं.

या खटाटोपात पनवेलकरांसाठी एक खास सापळा आहे. कोकणकन्या एक्सप्रेस सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून जाते. ‘शुक्रवारी रात्री निघू’ म्हणून शुक्रवारची तारीख टाकली, तर जेवण उरकून, बॅगा भरून स्टेशनवर गेलेल्या माणसाची गाडी जवळजवळ एक दिवस आधीच निघून गेलेली असते. तुतारी एक्सप्रेसचंही तसंच. (मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेचं नाव या गाडीला २०१७ साली मिळालं, त्याआधी ती नुसती राज्यराणी होती. कवितेवरून नाव ठेवलेल्या गाडीचं वेटिंग मात्र गद्यच असतं.) कामोठ्यातल्या बहुतेक सोसायट्यांत एखादे काका असतात, ज्यांना हे सगळं पाठ असतं आणि मार्च महिन्यात ज्यांचा भाव वधारतो.

कामोठे हे सिडकोनं वसवलेलं उपनगर. हार्बर मार्गावरची मानसरोवर आणि खांदेश्वर ही दोन स्टेशनं, कडेनं सायन-पनवेल महामार्ग, एमजीएमचं रुग्णालय, आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेचा पत्ता. मूळ गाव आगरी-कोळ्यांचं, भातशेतीचं आणि खाडीचं. सेक्टरांमधल्या इमारतींत राहायला आले ते सातारा-सांगलीचे, कोल्हापूरचे, खानदेश-मराठवाड्याचे आणि अर्थातच कोकणातले. गंमत अशी की समुद्राचं पाणी इथं घराच्या पाठीमागेच आहे. पनवेलची खाडी भरतीला कांदळवनात शिरते, ओहोटीला चिखल उघडा टाकून निघून जाते. पण बाल्कनीतून तिच्याकडे पाहत चहा पिणाऱ्या माणसाच्या मनात समुद्राची सहल म्हणून तारकर्ली, गणपतीपुळे, गुहागर, हरिहरेश्वर अशीच नावं येतात. खाडीकडे जायचं ते सकाळी फिरायला, डॉक्टरनं सांगितलं म्हणून.

साताऱ्याकडच्या घरांना हा प्रश्न सोपा जातो. त्यांचा मे म्हणजे गावची यात्रा आणि भावकीतली लग्नं. जमलंच तर शेवटी तीन दिवस ‘कोकण करायचं’. खरी गुंतागुंत आहे ती ज्यांचं गावच कोकणात आहे त्यांची.

कारण कोकणातल्या माणसाला सुट्टीसाठी समुद्र कधी लागतच नसे. सुट्टी गावाची असे, आणि गावाला जायचा बेत आखावा लागत नसे. शाळेचा निकाल लागला की ट्रंक बाहेर. रेल्वे येण्याआधी एसटी, आणि त्याच्याही आधीपासून बोट. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत पणजीकडे जायची. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती बाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, पोती पडावात उतरवली जायची. हलत्या बोटीतून हलत्या पडावात पाय टाकताना काय वाटायचं, हे त्या पिढीतल्या बायका अजूनही हातवारे करून सांगतात. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. ती आठवण मुंबई-कोकणातल्या घरांत पुढं कित्येक वर्षं ताजी होती. अशा घरांत समुद्र म्हणजे पोचायची वाट होती, पोहायची जागा नव्हे.

गावात पोचल्यावरही समुद्राशी संबंध बेताचाच. मासळी दारावर टोपलीतून यायची. खोल पाण्यात जायचे ते गाबीत आणि दालदी. शेतीवाडी करणारं घर समुद्रात उतरायचं ते देवाच्या निमित्तानं. महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या यात्रेत गावोगावच्या देवांच्या पालख्या समुद्रस्नानाला येतात, तसं. एरवी मे महिना कामाचा. आंबे उतरवायचे, अढी लावायची, रातांबे फोडून सोलं वाळत घालायची, फणसाची साठं घालायची, पावसाआधी कौलं परतायची, सरपण भरून ठेवायचं. मुंबईहून आलेली पोरं म्हणजे फुकटचे हात. दुपारी आजी ओरडून ओरडून झोपवायची आणि पोरं करवंदांना पळायची. संध्याकाळी वाळूवर बसून सूर्यास्त बघायचा, हा उद्योग कुणाला सुचत नसे. सूर्यास्त झाला म्हणजे कोंबड्या झाकायची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ.

आता त्याच घरातला नातू तारकर्लीला खोली बुक करतो.

गाव तिथून तासाभराच्या अंतरावर, तिथं आजोबांनी बांधलेलं चौसोपी नसलं तरी ऐसपैस घर, पुढं खळं, मागं विहीर. ते घर बंद आणि हे कुटुंब समुद्राकाठच्या खोलीत, भाडं देऊन. गावातल्या काकांचा फोनवरचा सवाल ठरलेला असतो: “घर आसताना लॉजवर कित्याक?” त्याला उत्तर देताना शहरातली माणसं जी कारणं सांगतात ती सगळी खरी असतात. घर सामाईक आहे, सातबाऱ्यावर नावांची रांग आहे, चावी एका चुलतभावाकडे आहे आणि तो पुण्याला असतो. न्हाणीघर बाहेर आहे, वरच्या माडीवर वटवाघळं आहेत, रेंज फक्त आंब्याच्या झाडाखाली येते. सोबत नवऱ्याच्या ऑफिसातलं एक कुटुंब आहे, त्यांना कुठं त्रास द्यायचा. मुलांना स्कूबा करायचंय.

पण जे कारण फोनवर सांगितलं जात नाही ते जास्त वजनाचं आहे. गावच्या सुट्टीत सुट्टी पुरुषांना आणि पोरांना मिळायची, बायकांना नाही. कामोठ्याच्या ओट्यावरून उठून ती गावच्या चुलीपुढे बसायची, आणि इथं चौघांचं रांधायची ते तिथं पंधरा जणांचं. त्यात पाहुणे. त्यात पाणी विहिरीचं. ज्या सुनेचं माहेर कराडचं किंवा जळगावचं, तिला तर या गावाच्या आठवणीही नाहीत, नुसती कामं आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटन वाढलं याची कारणं सांगताना रेल्वे, रस्ते, सरकारी धोरण यांची नावं घेतली जातात. ती बरोबरच आहेत. पण मे महिन्यात चार दिवस दुसऱ्याच्या हातचं गरम जेवण जेवावं, ही असंख्य सुनांची साधी इच्छा या हिशेबात धरायला हवी. तारकर्ली-देवबागच्या घरगुती खानावळीत ताटावर बसलेल्या बाईचा चेहरा पाहिला तर या विधानाला पुरावा लागणार नाही. तिसऱ्यांचं सुकं, बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढीची वाटी, आणि ‘अजून एक देऊ?’ हा प्रश्न तिला कुणीतरी विचारतंय. अर्थात वाढणारीही कुणाची तरी सूनच असते. फरक एवढाच की तिला त्या ताटाचे पैसे मिळतात.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी १९९८ ला, कोकण रेल्वे पूर्ण लांबीनं सुरू झाली. रोह्यापासून मंगळूरच्या दारापर्यंत सातशे चाळीस किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, रत्नागिरीजवळ साडेसहा किलोमीटरचा करबुडे. एका गोष्टीकडे मात्र नवख्यांचं लक्ष वेधायला हवं, या गाडीतून समुद्र जवळजवळ दिसत नाही. मार्ग आतून, डोंगरांच्या पोटातून जातो. खिडकीची जागा मिळवण्यासाठी भांडलेली मुलं पहिल्या तासाभरातच बोगदे मोजायला लागतात. मालवणला स्टेशन नाही. कुडाळला नाहीतर कणकवलीला उतरायचं आणि पुढं एसटी किंवा रिक्षा. बेत आखताना हा शेवटचा तुकडा नेहमी विसरला जातो आणि नेमका तोच दुपारच्या उन्हात येतो.

एसटीचं गणित वेगळं आणि हल्ली फारच रंजक झालं आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून पूर्ण मोफत. त्यामुळे आजी फुकट, आई अर्ध्यात, मुलगी अर्ध्यात आणि बाबा पूर्ण पैसे भरून, असं एक कुटुंब पनवेलच्या आगारातून निघू शकतं. ‘तूच तेवढा महाग आहेस’ असं आजीनं मुलाला ऐकवण्याचे दिवस आले. स्वतःची गाडी काढायची तर मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा पाळण्यात असलेली मुलं आता दहावीची परीक्षा देऊन मागच्या सीटवर बसतात आणि पेण-वडखळच्या आसपास अजूनही तोच प्रश्न विचारतात, किती राहिलं. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातला वेळ खूप वाचतो, हे मात्र मान्य करायला हवं. ज्यांच्या पोटात घाट ढवळतो त्यांच्यासाठी तर तो बोगदा म्हणजे पोलादपूरची कृपाच.

हौशी लोक सागरी मार्गानं जातात. आगरदांड्याहून दिघीला, वेसवीहून बागमांडल्याला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला अशी गाडीसकट खाडी ओलांडत. दाभोळची फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून गुहागर आणि दापोली एकमेकांचे शेजारी झाले. या वाटेनं वेळ वाचत नाही. पण फेरीबोटीवर गाडीतून उतरून कठड्याशी उभं राहिलं की सुट्टी सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि माणशी तिकीट मेट्रोच्या तिकिटापेक्षा फार वेगळं नसल्यानं बाबाही खूश असतात.

आता तारखा. कोकणच्या समुद्राची सुट्टी ही मुळात तारखांची अडथळ्यांची शर्यत आहे. बारावीचा निकाल, दहावीचा निकाल, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी नीट, मधे कुठंतरी सीईटी, वाडीतलं एक लग्न जे टाळता येत नाही. यातून वाट काढत जो आठवडा उरतो तो बहुधा मेच्या शेवटाकडे सरकतो, आणि तिथं समुद्रच दार लावून बसतो. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी होडी बंद, स्कूबा बंद, पॅरासेलिंग बंद. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारीही दोन महिने बंद, म्हणजे ताटातली ताजी सुरमई गेली. मुलांना किल्ला दाखवायचा म्हणून २७ मेला मालवणच्या जेटीवर पोचलेलं कुटुंब हे दरवर्षीचं दृश्य आहे. समोर पाण्यात शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर पाया घातलेला किल्ला दिसतोय, हाकेच्या अंतरावर, आणि होडी उलटी करून तिला कुणी तेल लावत बसलंय. विनवण्या करून उपयोग नसतो आणि करूही नयेत. २४ मे २०२२ ला, म्हणजे बंदीची तारीख उजाडायला दोन दिवस असताना, तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. मेच्या शेवटी दर्यात येणारा फुगारा काठावरच्या माणसाला नुसता कळतो, बोटीतल्या माणसाला भोगावा लागतो.

२०२५ साली तर या वेळापत्रकाचाही निकाल लागला. २० मेच्या आसपासच कोकणपट्टीवर धो-धो पाऊस सुरू झाला. २४ मेला मोसमी पाऊस केरळात आला, दुसऱ्या दिवशी तो देवगडपर्यंत पोचलासुद्धा, आणि २६ मेला मुंबईत. मुंबईची त्याची नेहमीची तारीख ११ जून. ज्यांनी ‘गर्दी ओसरल्यावर निवांत जाऊ’ म्हणून मेचा शेवटचा आठवडा धरला होता, त्यांनी खोलीच्या खिडकीतून माड वाकताना बघितले, भजी खाल्ली आणि पत्ते कुटले. तेव्हापासून कामोठ्यात ‘वीसच्या आत परत’ हा नियम झाल्यात जमा आहे. नियम कुणी केला नाही, पण मोडायला कुणी तयार नाही.

तारखेच्या आत तिथी असते, आणि हा भाग शहरात वाढलेल्या माणसाला ठाऊक नसतो. कोकणातला म्हातारा भरतीची वेळ मोबाइलवर बघत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचे तास निघतात. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या जवळपास आणि पाणी सर्वांत खाली जातं ते सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे, पण बेत आखायला पुरेसा. अष्टमीच्या आठवड्यात गेलात तर मुलांना हवी तशी पसरट वाळू भर दुपारी बाराला मिळणार, जेव्हा तिच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि संध्याकाळी बघावं तर पाणी सुरूच्या मुळांशी. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर संध्याकाळी मैदानासारखा किनारा, किल्ले करायला भरपूर वाळू, वर चंद्र. पण तेव्हाच उधाण असतं, पाण्याची ओढ सर्वांत जास्त असते आणि पोहणाऱ्यानं सर्वांत जास्त जपायचे दिवस तेच. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. शांत दिसणारा किनारा उतरत्या पाण्यात किती ओढून नेतो, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं, आणि तरीही बेत आखताना खोलीला एसी आहे का हे विचारणारे शंभर, भरती किती वाजता हे विचारणारा एखादा. तिथी तर घराच्या भिंतीवरच असते. ज्या ‘कालनिर्णय’च्या पानावर दुधाचा हिशेब लिहिला जातो, त्याचे जनक जयंत साळगावकर मालवणचेच. त्या छोट्या चौकोनांत समुद्राचं वेळापत्रक छापलेलं आहे, फक्त पाऊणपट करायची आहे.

हल्ली कामोठ्यातून युरोपच्या टूरला जाणारेही नवलाईचे राहिलेले नाहीत. बँकेतून निवृत्त झालेलं जोडपं इटली-स्पेन करून येतं आणि सोसायटीच्या पूजेला फोटो दाखवतं. त्यांचा बेत वेगळ्या कागदांवर चालतो. व्हिसासाठीचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्याची फी जून २०२४ पासून नव्वद युरो, वर तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा, बँकेची स्टेटमेंटं, बोटांचे ठसे. एवढं सगळं पार पाडलं की पुढं मात्र भूमध्य समुद्र दोन बाबतींत फार सोपा आहे: पाऊस आणि भरती. तिथला उन्हाळा कोरडा असतो, पाऊस हिवाळ्यात. जुलैतला आठवडा ठरवताना आभाळाकडे बघावं लागत नाही. आणि बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटीतला फरक फूटभराच्या आसपास. सकाळी जिथं छत्री रोवली तिथंच ती संध्याकाळी कोरडी असते. मुंबईजवळ उधाणाला हाच फरक चार मीटरच्या वर जातो. दक्षिणेकडे तो कमी होत गेला तरी मालवणच्या काठावर चपला कुठं काढून ठेवायच्या याचा विचार करावाच लागतो. चप्पल वाहून गेलेला एक तरी पाहुणा प्रत्येक गटात असतो.

पण तिथला ‘समर’ही काही अनादि नव्हे. फ्रान्सच्या रिव्हिएराला एकोणिसाव्या शतकात इंग्रज उमराव जायचे ते हिवाळ्यात, थंडी चुकवायला. उन्हाळ्यात तिथली हॉटेलं बंद असत, एवढ्या उन्हात कोण जाणार म्हणून. उन्हाळी हंगाम रुजला तो १९२०च्या दशकात, आणि सामान्य कामगार तिथं पोचला तो १९३६ नंतर, फ्रान्समध्ये दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळाली आणि रेल्वेनं स्वस्त तिकीट दिलं तेव्हा. समुद्राची सुट्टी ही रजेतून आणि रेल्वेच्या तिकिटातून जन्माला येते, मग तो नीसचा किनारा असो की निवतीचा. पुढं काय होतं तेही तिथं बघून घेता येतं. स्पेनमधलं बेनिडॉर्म हे मच्छीमारांचं गाव. १९५६ साली तिथं नगररचनेचा आराखडा झाला आणि पन्नास वर्षांत गाव टोलेजंग हॉटेलांखाली दिसेनासं झालं. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या रहिवाशांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारून आपला राग दाखवला. मालवणात अजून पिचकारी निघालेली नाही.

निघू नये असं वाटत असेल तर रापणीकडे बघावं. पहाटे होडी किनाऱ्यापासून निघते, जाळं अर्धवर्तुळात टाकत परत किनाऱ्याला लागते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर घेऊन माणसांच्या दोन रांगा ते जाळं तास-दीड तास ओढत राहतात. मागं पाय रोवायचा, दोर कमरेशी घ्यायचा, एका तालात मागं सरकायचं. टोकाचा माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याशी जाऊन पहिला होतो. जाळं जवळ आलं की पाणी रुपेरी होऊन उसळायला लागतं: तारली, पेडवे, नशीब असेल तर बांगडा. ज्यांनी ओढलं त्या सगळ्यांचा वाटा. तारकर्ली-वायरीच्या काठावर पर्यटकही दोराला हात लावतात, आणि रापणकर त्यांना लावू देतात, कौतुकानं आणि थोड्या नाइलाजानं. पाच मिनिटांत हात सोलवटतात, मग मोबाइल बाहेर येतो. पण ज्या पट्ट्यात रापण टाकायची त्याच पट्ट्यात आता बनाना राइड फिरते, जिथं होड्या ओढून ठेवायच्या तिथं कुणाची तरी खुर्च्या-टेबलं असतात. एकाच घरातला थोरला भाऊ रापणीला जातो आणि धाकटा स्कूबाची बोट चालवतो, अशी घरं देवबागात आहेत, त्यामुळे हे भांडण दोन पक्षांत नीट विभागताही येत नाही.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासनं दुसरी वाट काढली. नाना फडणवीसांचं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं तिथं समुद्री कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं, आणि पिल्लं समुद्रात सोडताना बघायला माणसं यायला लागली. गावात हॉटेल नव्हतं. मग घरांनीच दारं उघडली. पडवीत गाद्या, केळीच्या पानावर उकडीचे मोदक, सकाळ-संध्याकाळ कासवं. पण हा बेत मार्च-एप्रिलचा, परीक्षांच्या आड येणारा. कासवांना शाळेचं वेळापत्रक कळवायची सोय अजून झालेली नाही. आणि झेंडेही येऊ लागले आहेत. किनाऱ्याच्या स्वच्छतेसाठी १९८५ साली फ्रान्समध्ये सुरू झालेला ‘ब्लू फ्लॅग’ २०२५ मध्ये श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूजवळच्या पारनाक्याला मिळाला. म्हणजे भूमध्यावरचा झेंडा आता कामोठ्यापासून काही तासांवर आहे, व्हिसा न लागता.

या सगळ्याचा परिणाम फोनवर ‘घर आसताना लॉजवर कित्याक’ विचारणाऱ्या काकांवर झाला नसता तरच नवल. गेल्या एक-दोन वर्षांत अशा बऱ्याच काकांनी गावच्या घराची मागची पडवी पाडून दोन खोल्या काढल्या आहेत, आत टाइल्सचं न्हाणीघर, गिझर, बाहेर झोपाळा. सरकारच्या निवास-न्याहरी योजनेत नाव नोंदवलं आहे. काकूच्या हातच्या आंबोळ्यांचे फोटो पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांनी इंटरनेटवर टाकले आहेत, पाच तारे देऊन. कामोठ्यातल्या पुतण्यानं ते बघितले आणि घरात एक नवाच पेच उभा राहिला. आता जायचं ते गावी की होमस्टेला? गावी म्हणून गेलं तर काकू चुलीपुढून हलणार नाही आणि सूनबाईलाही पदर खोचावा लागेल. होमस्टे म्हणून गेलं तर पैसे द्यावे लागतील, आणि पैसे दिले तर काका घेणार नाहीत, वर वर्षभर बोलून दाखवतील. न द्यावेत तर मेचे चार दिवस, भर हंगामातले, दोन्ही खोल्या अडवून बसायचं कसं? आजीनं तोडगा सुचवला आहे, रक्कम पाकिटात घालून काकांच्या नातीच्या हातावर खाऊ म्हणून ठेवायची, निघायच्या दिवशी, रिक्षा सुरू झाल्यावर. रकमेवर घरात एकमत झालं आहे, तिकिटं आरएसीपर्यंत आली आहेत. खोलीला एसी आहे का, हे काकूला फोन करून कोण विचारणार, एवढंच ठरायचं बाकी आहे.